तारप्याचा सूर

ऑर्गन हा शब्द कानी पडला की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे प्रथम रंगभूमी उभी राहते. गंधर्व नाटक मंडळीचे वैभवाचे दिवस, मखमली पडदा, आणि रंगमंचासमोर बसून पायांनी भाता चालवीत दोन्ही हातांची बोटे पट्ट्यांवरून फिरविणारा साथीदार. हे चित्र रम्य खरे, पण नाटकातला तो ऑर्गन म्हणजे पायपेटीचाच थोरला भाऊ. त्यात नळ्या नसतात, धातूच्या पात्या असतात. ज्या वाद्यापासून त्याने नाव घेतले, तो नळ्यांचा ऑर्गन मोठाल्या चर्चमध्ये असतो. मुंबईच्या सेंट थॉमस कथीड्रलमध्ये तसा ऑर्गन आहे. परंतु तो जवळ जाऊन पाहिलेली मराठी माणसे थोडीच. आणि त्याहूनही थोडी माणसे अशी सापडतील, ज्यांनी त्याच तत्त्वावर बांधलेले, पण कोणत्याही चर्चशी किंवा युरोपीय कारागिराशी काडीमात्र संबंध नसलेले एक वाद्य, मुंबईहून रेल्वेने दोन-तीन तासांच्या वाटेवर असलेल्या डहाणू आणि तलासरी या तालुक्यांत जाऊन ऐकले आहे. त्या वाद्याचे नाव तारपा.

तारप्याची चित्रे मात्र सर्वांनी पाहिलेली आहेत. गेरूच्या रंगाच्या भिंतीवर पांढऱ्या रेघांनी काढलेली माणसांची वर्तुळाकार रांग, आणि त्या वर्तुळाच्या मधोमध एका लांब, खाली रुंद होत गेलेल्या वाद्यात फुंकर घालणारा मनुष्य, हे वारली चित्र आज शहरातील दिवाणखान्यात, पिशव्यांवर, शुभेच्छापत्रांवर, इतकेच काय रेल्वे स्थानकांच्या भिंतींवरही दिसते. चित्र घरोघर पोचले आणि त्यातील वाद्याचा आवाज मात्र कोणाच्या कानी नाही, अशी ही चमत्कारिक स्थिती आहे. तारप्याचा सूर कसा आहे, तो तसा का आहे, हे त्या चित्राच्या मालकास सांगता येणार नाही. ते येथे थोडक्यात सांगावयाचे आहे.

त्यासाठी आधी ऑर्गनची रचना ध्यानात घेतली पाहिजे. हे वाद्य फार जुने. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रिया नगरीतील क्टेसिबिअस नावाच्या यंत्रज्ञाने पाण्याच्या दाबाने हवा स्थिर राखून नळ्या वाजविण्याची युक्ती काढली. पुढे इ. स. ७५७ मध्ये कॉन्स्टंटिनोपलच्या बादशहाने फ्रँक लोकांचा राजा पेपिन यास एक ऑर्गन नजराणा म्हणून पाठविला, आणि पश्चिम युरोपात त्याचा प्रवेश झाला. आपल्या देशातही तो पुष्कळ आधी आला. अकबराच्या दरबारी इ. स. १५८० च्या सुमारास गोव्याहून आणविलेला एक ऑर्गन दाखविण्यात आला होता, आणि इतिहासकार बदाऊनी याने त्याची नोंद करून ठेवली आहे. माणसाच्या उंचीची ती पेटी, आत बसलेला फिरंगी आणि बाहेर मोराच्या पंखांशी चाळा करणारे दोघे असे काहीसे वर्णन तो करतो. बिचाऱ्याने भात्यांनाच पंख मानले असावेत! पण त्याच्या एक गोष्ट लक्षात आली होती, आणि ती बरोबर होती. हे वाद्य एकट्याच्या श्वासावर चालत नव्हते. वाजविणारा निराळा व वारा पुरविणारे निराळे.

ऑर्गनची अंगे मुख्यतः तीन. हवा पुरविणारा भाता. ती हवा साठवून तिचा दाब सारखा ठेवणारी हवापेटी. आणि त्या पेटीवर उभ्या केलेल्या नळ्या. नळ्यांच्या दोन जाती आहेत. एक बासरीच्या जातीची, जिच्यात हवेचा झोत धारेवर आपटून नाद उठतो. दुसरी जिभलीच्या जातीची, जिच्या बुडाशी एक लवचीक पाती थरथरते आणि वरची नळी त्या थरथरीला आकार देते. या दुसऱ्या जातीतूनच ऑर्गनमधील तुतारीसारखे ठणठणीत सूर निघतात. ऑर्गनच्या नळ्या शिसे व कथील यांच्या मिश्रधातूच्या किंवा लाकडाच्या असतात, पण तसाच काही नियम नाही. फिलिपाईन्स बेटांतील लास पिन्यास येथे दिएगो सेरा या पाद्र्याने १८१६ ते १८२४ या काळात बांधलेल्या ऑर्गनमध्ये १,०३१ नळ्या आहेत, आणि त्यांपैकी ९०२ बांबूच्या आहेत. बांबू आला की आपण डहाणूच्या पुष्कळ जवळ आलो.

तारप्याचा भाता म्हणजे वाजविणाऱ्याची छाती व गाल. त्याची हवापेटी म्हणजे सुकविलेला दुधी भोपळा. आणि नळ्या दोन, बांबूच्या. या नळ्यांच्या वरच्या टोकांशी, भोपळ्याच्या पोटात दडलेल्या, बांबूच्याच दोन जिभल्या असतात. खालच्या टोकाशी ताडाच्या पानांचा गुंडाळून केलेला कर्णा. हे सारे एकमेकांस जोडणारा आणि कोठूनही हवा निसटू न देणारा पदार्थ म्हणजे मधमाश्यांचे मेण. लोखंडाचा खिळा नाही, सरस नाही, धातूचा तुकडा नाही. रानात व परसात जे मिळते तेवढ्यावर सगळे वाद्य उभे राहते.

पण साधे साहित्य म्हणजे सोपे काम, असा समज कोणी करून घेऊ नये. भोपळ्यापासूनच पाहा. बाजारात मिळणारा कोवळा दुधी उपयोगी नाही. तो वेलावरच जून होऊ द्यावा लागतो; साल कठीण झाली, देठ वाळला, की मग उतरवून सुकवावयाचा. त्याची मान लांब व पोट गोल हवे. पोट लहान पडले तर हवेचा साठा पुरत नाही आणि सूर हेलकावे खातो. साल पातळ राहिली तर मेण तापवून लावतानाच तडा जातो. आतला गर व बिया काढून टाकल्या, की वरच्या बाजूस फुंकण्याचे भोक आणि खाली नळ्या बसविण्याची जागा कोरतात. पुष्कळ भोपळे या पायरीवरच वाया जातात. म्हणून जाणता कारागीर एकाच वेलावर विसंबून राहत नाही.

बांबूच्या नळ्यांचे दुसरे शास्त्र. दोन्ही नळ्यांची पोकळी शक्य तितकी सारखी हवी, म्हणून त्या एकाच जातीच्या आणि बहुधा एकाच बेटातल्या बांबूच्या निवडाव्या लागतात. त्या शेजारी शेजारी बांधून त्यांवर बोटांची भोके पाडतात. भोकांची संख्या कारागिराप्रमाणे व गावाप्रमाणे कमीजास्त आढळते. मुख्य गोष्ट ही, की एकीवर चाल फिरते आणि दुसरी तिला आधाराचा सूर पुरविते. तंबोऱ्याची साथ गवयाला असावी तशी ही साथ आहे. फरक इतकाच की येथे गवई आणि तंबोरा एकाच फुंकरीवर जगतात. या जोडीतील एका नळीस नर व दुसरीस मादी म्हणण्याचीही चाल आहे.

परंतु तारप्याचा खरा प्राण जिभलीत. बोटाएवढ्या बारीक बांबूच्या नळीस एका बाजूने चीर देऊन तिच्या अंगाचीच एक पातळ पट्टी तीन बाजूंनी मोकळी करतात. चौथ्या बाजूस ती नळीलाच चिकटलेली राहते. हवा आत शिरू लागली की ही पट्टी नळीच्या तोंडावर आपटून उघडझाप करू लागते, आणि त्या उघडझापीने आतील हवेला धक्के बसून सूर उमटतो. सूर लावण्याची तऱ्हा मोठी नामी आहे. जिभलीच्या टोकावर मेणाचा बारीकसा कण ठेवला की तिचे वजन वाढून सूर उतरतो. टोक खरवडून हलके केले की तो चढतो. उलट, मुळाशी खरवडले तर जिभली लवचीक होऊन सूर पुन्हा उतरतो. म्हणजे एकाच पट्टीच्या दोन टोकांवर चाकू चालवून दोन विरुद्ध परिणाम साधता येतात. चर्चमधील ऑर्गनच्या जिभलीवर तारेची कळ बसविलेली असते, आणि ती वरखाली सरकवून जिभलीचा थरथरणारा भाग लहानमोठा करतात. युरोपातील कारागिराने तारेने जे साधले ते येथे मोहरीएवढ्या मेणाने साधते.

तारप्याला इंग्रजी पुस्तकांत सर्रास ‘ट्रम्पेट’ म्हटलेले आढळते. ते चूक आहे. ट्रम्पेट काय किंवा आपली तुतारी काय, त्यांत ओठच जिभलीचे काम करतात. ओठ थरथरले तर आवाज, नाही तर नाही. तारप्यात ओठांचे काम हवा सोडण्यापुरते. कोणी त्याला सनईच्या पंगतीला बसवितो, तेही बरोबर नाही. सनईची पिपाणी दुहेरी, दोन पानांची, आणि ती प्रत्यक्ष तोंडात धरली जाते. तारप्याचे सख्खे नाते गारुड्याच्या पुंगीशी आहे. भोपळा, दोन नळ्या, आत कोंडलेल्या जिभल्या, सर्व काही पुंगीत आहे. नाही तो लांब कर्णा. उत्तरेकडे खानदेशच्या डोंगरांत व डांग भागात पावरी म्हणून जे वाद्य कोकणा व भिल्ल लोक वाजवितात, तीही याच कुळातली.

जिभली भोपळ्यात कोंडल्यामुळे काय होते, हे समजून घेतल्यावाचून तारप्याचा सूर समजत नाही. सनईवाला ओठांनी पिपाणी आवळतो, सैल करतो, जिभेने तिला टोचतो; म्हणून त्याला सूर लहानमोठा करता येतो, तोडता येतो, एकाच भोकावर दोन निरनिराळ्या सप्तकांतले सूर काढता येतात. तारपेवाल्याला यांपैकी काहीच करता येत नाही. त्याची जीभ जिभलीपर्यंत पोचतच नाही. जोराने फुंकले तर आवाज वाढण्याऐवजी सूर बिघडतो, हळू फुंकले तर जिभली झोपते. तेव्हा हवेचा दाब एका ठराविक मापात ठेवणे, एवढाच मार्ग त्याला उरतो. ऑर्गनचीही नेमकी हीच अडचण आहे. तेथे हवापेटीवर वजने ठेवून दाब सारखा राखतात आणि तो पाण्याच्या उंचीने, बहुधा तीन-चार इंचांच्या आसपास, मोजतात. तारपेवाल्याजवळ माप नाही. त्याच्या गालांच्या स्नायूंना ते पाठ असते.

आणि श्वास? तासन् तास चालणाऱ्या नाचात सूर एकदाही तुटत नाही, मग हा मनुष्य श्वास केव्हा घेतो? उत्तर असे की तो गालांत हवा साठवितो. छातीतील हवा संपत आली की फुगलेले गाल आवळून तो भोपळ्यात हवा ढकलीत राहतो आणि त्याच क्षणी नाकाने नवा श्वास आत ओढतो. ज्या दोन क्रिया सामान्य माणसास एकाच वेळी अशक्य वाटतात, त्या तो न अडखळता करतो. पाण्याच्या भांड्यात पोकळ काडी घालून न थांबता बुडबुडे काढून पाहावे, म्हणजे या कामाची कल्पना येईल. बहुतेकांचे बुडबुडे पहिल्या श्वासालाच थांबतील.

सूर तोडता येत नाही, तर मग चाल कशी उमटते? बोटांनी. एकच सूर दोनदा दाखवावयाचा असला की मध्ये दुसऱ्या सुराचा निमिषमात्र स्पर्श करावा लागतो. त्यामुळे तारप्याची चाल सदा कणांनी, मुरक्यांनी भरलेली असते. हा अलंकार हौसेचा नाही, वाद्याच्या अडचणीतून आलेला आहे. शिवाय बोट भोकावरून सावकाश सरकविले की एका सुरातून दुसऱ्यात घसरत जाता येते, जे पेटीला कधीच साधत नाही. याच उणिवेवर बोट ठेवून ऑल इंडिया रेडिओने १ मार्च १९४० पासून हार्मोनियमला आपल्या केंद्रांतून हद्दपार केले होते, आणि ती बंदी १९७१ पर्यंत सैल झाली नाही. मींड नसलेले परदेशी वाद्य असा तिच्यावर आरोप होता. वाद्याच्या आवाजापेक्षा त्याच्या मुळावरूनच हा निवाडा अधिक झाला, असे मानण्यास जागा आहे. कारण हार्मोनियमचे मूळ शोधीत गेले तर वाट पॅरिसवरून पुन्हा पूर्वेकडे वळते. चीन देशात ‘शेंग’ नावाचे फार प्राचीन वाद्य आहे. त्याचीही हवापेटी मुळात भोपळ्याची आणि नळ्या बांबूच्या. पेकिंग येथील आमियो नावाच्या फ्रेंच पाद्र्याने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ते पॅरिसला पाठविले. त्या सुमारास युरोपात अशा मोकळ्या पात्यांचे प्रयोग सुरू झाले, आणि १८४० नंतर अलेक्झांडर डेबेनची हार्मोनियम जन्माला आली. आपल्या देशात मिझो लोकांचे भोपळ्याचे रोछेम हे शेंगचेच भावंड आहे. मात्र एक भेद विसरता कामा नये. शेंग व हार्मोनियम यांची पाती चौकटीतून मोकळेपणाने आरपार हलते; तारप्याची जिभली तोंडावर आपटते. म्हणून हार्मोनियमचा आवाज गुळगुळीत, तर तारप्याचा खरखरीत व धारदार. या एका गोष्टीत तारपा नाटकातल्या ऑर्गनपेक्षा चर्चमधील ऑर्गनच्या तुतारीवजा नळ्यांना अधिक जवळचा ठरतो.

नळीच्या आकाराचाही सुरावर मोठा परिणाम होतो. सारख्या जाडीची नळी जिभलीवर बसविली की ती एका टोकाने बंद असलेल्या नळीप्रमाणे वागते. अशी नळी आपल्या लांबीच्या मानाने खालचा सूर देते. एक फूट लांबीची बंद नळी सेकंदास सुमारे २८० कंपनांचा सूर देईल. तोच सूर उघड्या नळीतून काढावयाचा तर दोन फूट लांबी लागेल. म्हणजे थोड्या बांबूत जड सूर मिळतो. परंतु अशा नळीच्या नादात एकाआड एक उपस्वर दबलेले असतात, म्हणून तो आवाज काहीसा पोकळ, घोगरा वाटतो. येथे ताडाच्या पानांचा कर्णा कामास येतो. खाली रुंद होत जाणारा हा कर्णा दबलेल्या उपस्वरांना वाट करून देतो, आवाजाला भरीवपणा आणतो आणि मोकळ्या माळावर तो लांब फेकतो. कर्ण्यामुळे काही तारपे माणसाच्या उंचीहून मोठे होतात; दहा फुटांपर्यंत लांबीचेही केले जातात. वाजविताना कर्ण्याचे तोंड जमिनीलगत झुलत असते.

दोन नळ्या सारख्याच सुरात लावल्या तरी त्या हुबेहूब सारख्या कधीच लागत नाहीत. बांबू म्हणजे काही लेथवर कातलेली धातू नव्हे. मग दोन सुरांमधील त्या किंचित फरकामुळे आवाजात एक लहर उठते. आवाज वाढल्यासारखा, उतरल्यासारखा होत राहतो. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८६३ च्या आपल्या ग्रंथात या लहरींचा सविस्तर विचार केला आहे. गंमत अशी की ऑर्गन बांधणारे कारागीर हीच लहर मुद्दाम उत्पन्न करतात. नळ्यांची एक रांग दुसरीपेक्षा किंचित चढी लावून त्या दोन्ही एकदम वाजविल्या की जो कंपित सूर निघतो, त्याला त्यांनी ‘स्वर्गीय आवाज’ असे फ्रेंच नाव दिले आहे. डहाणूच्या पाड्यावर तोच परिणाम दोन बांबू शेजारी बांधल्याने आपोआप मिळतो. शहरातला पाहुणा तो ऐकून वाद्य बेसूर आहे म्हणतो. पॅरिसच्या चर्चमध्ये त्यालाच तो डोळे मिटून ऐकेल!

या वाद्याचा काळ ठरलेला आहे. पावसाळ्यात लावणीच्या दिवसांत ते मुके असते. भात पिकू लागले, नवे धान्य घरात येण्याची वेळ झाली, की तारपे बाहेर निघतात, आणि दिवाळीच्या सुमारास नाचाला भर येतो. धान्याची देवता कणसरी, पावसाचा नारनदेव, रानातला वाघदेव यांच्या भक्तीशी हे सर्व गुंतलेले आहे. रात्री मोकळ्या जागेत तारपेवाला मध्ये उभा राहतो. स्त्रीपुरुष एकमेकांच्या कमरेभोवती हात गुंफून साखळी करतात आणि त्याच्या भोवती फिरू लागतात. साखळीच्या पुढे असलेल्याच्या हाती घुंगरांची घोळकाठी असते. ती तो जमिनीवर आपटून ताल धरतो. दुसरे ताल वाद्य लागत नाही. नाचाच्या चालींना ‘चाळा’ म्हणतात. मोराचा चाळा, असे एकेकाचे नाव. तारपेवाल्याने चाळा बदलला की साखळीचे पाय बदलतात, साखळी उलटी फिरते, कधी आतल्या आत वेटोळे घालते. तोंडाने कोणी हुकूम देत नाही. तारप्याकडे पाठ करावयाची नाही, एवढा दंडक सर्व पाळतात.

यावरून एक गोष्ट उघड होते. तारपा हे बसून ऐकावयाचे वाद्य नाही. ते चालत्या माणसांना वाट दाखविणारे वाद्य आहे. तारपेवाला फिरतो तसा कर्णा फिरतो, आणि साखळीतील प्रत्येकाच्या कानावरून आवाज जवळ येतो व दूर जातो. हेच वाद्य शहरातील रंगमंचावर आणले की त्याची दशा पाहवत नाही. नाचणारे प्रेक्षकांकडे तोंड करून सरळ रांगेत उभे केले जातात, कर्ण्यापुढे एक ध्वनिक्षेपक रोवून वादकास जागचे हलू दिले जात नाही, आणि जो नाच रात्रभर चालावयाचा तो पाच मिनिटांत आटोपला जातो. त्यात कोणी हौशी संयोजक हार्मोनियमची साथ देतो. तारपा कोणत्याही ठराविक पट्टीत बांधलेला नसतो. प्रत्येक भोपळ्याचा, प्रत्येक बांबूचा षड्ज निराळा. दोन तारप्यांचेही आपसांत जमेल याची खात्री नाही. मग पेटीशी काय जमणार? दोष मात्र आदिवासी वाद्याला दिला जातो.

ज्यांच्या हाती हे वाद्य आहे, त्यांच्याविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. आजचा पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळा झाला. त्याच्या उत्तर टोकास, गुजरात व दादरा-नगर हवेलीच्या सीमेस लागून हे दोन तालुके येतात. वारली ही येथील मोठी जमात. इंग्रज अधिकारी सिमिंग्टन याने १९३९ च्या अहवालात या लोकांच्या वेठबिगारीचे जे चित्र रंगविले ते वाचवत नाही. कृ. ज. सावे यांचे वारल्यांवरील इंग्रजी पुस्तक १९४५ मध्ये निघाले. आणि त्याच वर्षी २३ मे रोजी झरी येथे हजारो वारली जमले व वेठ करणार नाही असे त्यांनी ठरविले. गोदावरी परुळेकर यांनी या लढ्याची हकीगत पुढे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहिली. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे गोळीबार होऊन पाच आदिवासी मृत्युमुखी पडले. ज्यांचा दिवस सावकाराच्या शेतावर जात होता, त्यांची रात्र तरी तारप्याभोवती त्यांची स्वतःची होती. या वाद्याचा इतिहास कोणी कागदावर लिहून ठेवला नाही, याचे आश्चर्य वाटावयास नको.

तो रंगांत मात्र राहिला. तलासरी तालुक्यातील धामणगाव येथे जन्मलेले आणि डहाणू तालुक्यातील गंजाडच्या कळंबीपाड्यावर वाढलेले जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) यांनी वारली चित्र भिंतीवरून कागदावर व कापडावर आणले. १९७६ मध्ये त्यांना राष्ट्रीय पुरस्कार, तर २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या चित्रांतील तारप्याची साखळी केवळ वर्तुळ नाही. ती वेटोळी घालीत आत आत जाते, आणि शेवटी ज्या ठिकाणी पोचते तेथे तारपा असतो. ज्याने तो नाच पायांनी केला आहे त्यालाच अशी रेघ सुचावी.

चित्राला बाजार मिळाला; वाद्याला मिळाला नाही. चित्र एका हाताने काढून दूरदेशी पाठविता येते. तारप्याला भोपळ्याचा वेल, ताडाचे झाड, मोहोळ, बांबूचे बेट, रात्रभर जागणारा पाडा आणि वीस-पंचवीस नाचणारे पाय लागतात. तरुण मुले पहाटेच कारखान्यांच्या कामावर, वापी, सिल्वासा, बोईसरकडे निघतात. लग्नात भाड्याचे ध्वनिवर्धक लागतात. तारपा वाजविण्यास शिकणे म्हणजे आधी गाल दुखेपर्यंत नुसता श्वास साधणे. ते पोरवयात साधते. पुढे कठीण जाते. करणारा व वाजविणारा बहुधा एकच मनुष्य असल्यामुळे, असा एक मनुष्य गेला म्हणजे गावातून दोन विद्या एकदम जातात. शेजारच्या जव्हार तालुक्यातील वाळवंडा येथील नव्वदीच्या घरातले तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांचे नाव २०२६ च्या पद्मश्री सन्मानात आले, तेव्हा शहरातील वृत्तपत्रांना तारपा हा शब्द समजावून द्यावा लागला. म्हसे यांच्या सन्मानास तोवर पंधरा वर्षे होऊन गेली होती, आणि त्यांच्या चित्रांत तो शब्द नसला तरी वस्तू जागोजाग होती.

ज्यांच्या घरी ते चित्र टांगलेले आहे, त्यांनी दिवाळीनंतरच्या दिवसांत एकदा डहाणू रोडचे तिकीट काढावे. चैत्री पौर्णिमेपासून विवळवेढे येथे महालक्ष्मीची यात्रा भरते, तेव्हाही तारपे कानी पडतात. पण ती गर्दीची वेळ. थंडीतल्या रात्री, पाड्यावर, कर्ण्याच्या समोर न बसता साखळीच्या बाहेर थोडे अंतर ठेवून उभे राहावे. पहिली दहा मिनिटे आवाज एकसुरी वाटेल. मग दोन नळ्यांमधील ती लहर कानाला सापडेल, मुरक्या वेगळ्या कळू लागतील, आणि पुढच्या चाळ्याची खूण पायांच्या आधी ओळखता येते का हे अजमावता येईल. नाच थांबल्यावर वाद्य पाहू द्या म्हटले तर ते बहुधा हाती दिले जाते. हाती घेताना भोपळ्याला धरावे, कर्ण्याला धरू नये. ताडाची पाने दाबाने चिरतात, आणि नवी पाने पुन्हा सुकवून गुंडाळीपर्यंत तो तारपा बंद राहतो.